४१८, ॲश स्ट्रीट, मार्लो

३ मार्च १९८३, गुरुवार

– ‘आणि तो लंगडा यॅरो पुढच्या अंकात मेला तर बरं होईल.’ इथे थांबले. टाइपरायटरवरून हात काढले. वाक्य चांगलं उतरलं. इतकं चांगलं वाक्य वर्षभरात माझ्या हातून उतरलं नव्हतं.

उद्या आमच्या कॉमिकचा सातवा अंक छापखान्यात जायचा, आणि पत्रांचं पान अर्धं रिकामं. सहाव्या अंकात आम्ही टोकदार कानांचे तीन नवे जंगली एल्फ आणले. त्यांची ओळख मी लिहिली, प्रत्येकी आठ ओळी. टॅन्सी, टोळीची म्होरकी, झोपेत खोटं बोलते. ब्रॅम, वय नऊशे, दात बारा. यॅरो, तिरंदाज, डावा पाय लहानपणी गेला. वाटलं, पत्रांचा पाऊस पडेल. आली चार. टेक्ससची एक मुलगी विचारते, एल्फ नाताळात काय खातात. एक खलाशी लिहितो की टॅन्सीचे कान पान नऊवर आखूड आहेत. बाकी दोघांचं एकच म्हणणं – छान, छान.

छान म्हटलं की कोणी उलटून लिहीत नाही. त्याला भांडणच लागतं.

मग मीच लिहिलं. नाव दिलं डेल पर्किस. पत्ता द्यावाच लागतो. आमच्याकडे प्रत्येक पत्राखाली पूर्ण पत्ता छापतात, वाचक एकमेकांना थेट लिहितात, त्यातून लग्नंही जमली आहेत. बिनपत्त्याच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. नकाशा उघडला. मार्लो, इलिनॉय. तिथली ॲश स्ट्रीट. घर नंबर ४१८.

मधलं वाक्य मी शोधलं नाही. ते आपणहून आलं: ‘टोळी पळते तेव्हा या यॅरोला कोण उचलतं, ते चित्रकाराने कधी काढलंय का? उचलणाऱ्याला एकदा विचारा.’

४ मार्च

पान चिकटवायला भावाच्या, एमेटच्या टेबलावर ठेवलं; चित्रं तोच काढतो. डोक्यात फक्त पान भरायचं होतं. हे खोटं. मला आठवत होतं. तरी ठेवलं.

त्याने सगळी पत्रं वाचली. डेलचं दोनदा वाचलं. मग पट्टीने कडा सरळ केल्या आणि डिंक लावला.

“हे कधी आलं?”

मी म्हटलं, काल, टपालपेटीत होतं.

“बरं लिहितो,” म्हणाला, आणि कुबड्या ओढून स्वयंपाकघरात गेला.

६ मार्च

काल रात्री शेजारच्यांकडे मासे तळले होते, तिथे एमेट आला नाही. पाय दुखतो म्हणाला. जो पाय बावन्न सालच्या आजारात गेला आणि तेव्हापासून दुखत नाही, तो.

११ एप्रिल

सातवा अंक दुकानांत पोचला. आज पेटीत एकोणीस पत्रं. सगळी डेलवर. एकाने त्याला शाप दिलाय, आमच्याच एल्फ भाषेत, आणि व्याकरण माझ्यापेक्षा शुद्ध. मी गाडीत बसून हसले. पोस्टातल्या बाईने काचेतून बघितलं.

१८ एप्रिल

चौसष्ट पत्रं.

नाश्त्याला एमेटला वाचून दाखवते. एक आजी लिहितात की त्यांच्या नातवाने पावाचा यॅरो भाजला आणि कोणाला खाऊ दिला नाही. डेन्व्हरचा एक पोरगा म्हणतो, यॅरो मेला तर मी अंक घेणं बंद करीन, आणि माझ्या भावाचंही बंद करीन. मी आवाज काढून वाचते. एमेट अंडं कापतो.

“बिचारे,” म्हणाला.

“कोण?”

“लिहिणारे. किती सांभाळून घेतात.”

मग म्हणाला, चौसष्टजण हळहळतात, एकटा पर्किस खरं बोलला. मी म्हटलं, पर्किस गाढव आहे.

“संपादकबाई, गाढवाला एवढं दिसत नाही.”

बशा उचलल्या.

२२ एप्रिल

एमेटने आठव्या अंकाची पेन्सिलीतली पानं दाखवली. पान एकोणीस – टोळी नदीपाशी पोचते, मागून शत्रू. यॅरो म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. पान वीस – धनुष्य. पान एकवीस – नुसती नदी.

विचारलं, हे काय.

“संपवतोय त्याला. बरं दिसतं तसं.”

पंधरा वर्षं तो हाच एल्फ काढतोय. वहीच्या मागे, बिलांवर, रुमालांवर. कॉमिक नव्हतं तेव्हापासून. यॅरो गेला की एमेट दुसरं काही काढणार नाही. हे मला माहीत आहे, त्यालाही. लोकांना वाटेल एक पात्र मेलं.

मी बाहेर निघताना त्याने टपालात टाकायला एक पाकीट दिलं. बाहेर अजून बर्फ आहे, त्याचं टपाल मीच टाकते. वर त्याच्या सुबक अक्षरात – डेल पर्किस, ४१८, ॲश स्ट्रीट, मार्लो.

२३ एप्रिल

फोडलं. किटलीच्या वाफेवर धरून, पाकीट चोरणाऱ्या बायका धरतात तसं.

इथे उतरवून ठेवते. म्हणजे मला नंतर ते वेगळं आठवता येणार नाही.

‘श्री. पर्किस, तुमच्या पत्राचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा माझी बहीण मला पाठीवर घेऊन शाळेच्या बसपर्यंत न्यायची. दोन वर्षं नेलं. एका शब्दाने कुरकुरली नाही. पण पाठ बोलते. समोरून कोणी मुलं आली की तिची पाठ ताठ व्हायची, आणि मी अंग चोरून हलकं व्हायचा प्रयत्न करायचो. तुम्ही उचलणाऱ्याबद्दल लिहिलंत. ते आजवर कोणीच लिहिलं नव्हतं. म्हणून यॅरोला सोडतोय. आपला, एमेट व्हॅसेक.’

मी दहा वर्षांची होते. हो. ताठ व्हायची.

२४ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये बसले. उठले. तिथेही कोणाला सांगितलं नाही.

२५ एप्रिल

जे केलं ते सरळ लिहिते. डेलच्या वतीने उत्तर लिहिलं. हाताने, डावीकडे कललेल्या अक्षरात. माझं चुकलं, मी त्या दिवशी कोणावर तरी चिडलो होतो, यॅरो हा टोळीतला सगळ्यात चांगला एल्फ आहे, त्याला मारू नका. आमच्या गावचा शिक्का बसला तर एमेट ओळखेल, म्हणून साडेतीन तास गाडी हाकत मार्लोला गेले आणि तिथल्या पेटीत टाकलं.

मग ॲश स्ट्रीट शोधली. २९६ नंबरला घरं संपतात. पुढे मक्याचं शेत, मागच्या वर्षीची खुंटं तशीच. एक माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. कोण हवंय, म्हणाला. मी म्हटलं, कोणी नाही.

येताना पेट्रोलपंपावर चेरीची गोड पाई खाल्ली. भूक लागली होती. त्याचीही लाज वाटली.

२८ एप्रिल

उत्तर आलं. माझ्याच हाताने पेटीतून काढलं, माझ्याच हाताने त्याला दिलं.

तीन वेळा वाचलं त्याने. मग मला वाचून दाखवलं, मोठ्याने, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. माणूस मनाचा मोठा आहे म्हणाला. चूक कबूल करायला छाती लागते म्हणाला.

संध्याकाळी पान एकवीस खोडलं. यॅरो वाचला.

रबराचे कण टेबलावरून मी झटकले.

३० एप्रिल

टोलेडोच्या एका मुलीचं पत्र. डेलला पाठवलेलं तिचं पाकीट परत आलंय, वर पोस्टाचा शिक्का – असा नंबर नाही. ती विचारते, तुम्ही आमच्याशी खेळता का? वय तेरा.

एमेटपासून लपवलं. टेलिफोनच्या वहीखाली.

५ मे

आज सांगायचंच ठरवलं होतं. सूप केलं, बार्लीचं, त्याला आवडतं ते. तो खुशीत होता. पान चाळीसची शाई पुरी झाली होती. विचारत होता, मार्लोला बस किती वाजता जाते. पाच वर्षं हा माणूस गावाबाहेर गेलेला नाही. प्रदर्शनांची बोलावणी आली, गेला नाही. लोक कुबड्या बघतात म्हणून.

मी म्हटलं, कशाला जातोस, एवढा लांब.

“त्याला यॅरोचं मूळ पान द्यायचंय. टपालात दुमडेल.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. मी म्हटलं, मीठ कमी झालंय का?

६ मे, शुक्रवार

सकाळी त्याची खोली रिकामी. टेबलावर चिठ्ठी – पहिल्या बसने जातोय, संध्याकाळी परत. बस दोन ठिकाणी थांबते. मी गाडी काढली.

मी वीस मिनिटं आधी पोचले. मार्लोचा थांबा म्हणजे औषधाच्या दुकानासमोरचं एक बाक. बस आली. ड्रायव्हरने आधी कुबड्या खाली दिल्या, मग तो उतरला. काखेत खाकी कागदात गुंडाळलेलं पान. नवा शर्ट घातला होता.

मला बघून घाबरला. “घरी काय झालं?”

मी म्हटलं, काही नाही. डेल पर्किस नाही. मीच आहे.

तो बाकावर बसला. दुकानदार दारात येऊन आत गेला.

“पहिलं?”

“मी.”

“दुसरंही?”

“मी. इथेच येऊन टाकलं.”

“माझं वाचलंस.”

“हो.”

मग म्हणाला, घर दाखव. मी म्हटलं, घरच नाही. तरी दाखव, म्हणाला. गाडीत घेऊन गेले. २९६ च्या पुढे रस्ता संपतो तिथे थांबले. तो काचेतून शेताकडे बघत राहिला.

“४१८ कुठे आलं असतं?”

मी अंदाजाने बोट दाखवलं. त्या लोखंडी कोठाराच्या अलीकडे.

त्याने खिशातून दुसरं पत्र काढलं, चार तुकडे केले, माझ्या हातात दिले. “हे भिकार आहे,” म्हणाला. “पहिलं ठेवतो.”

साडेतीन तासांनी घरी पोचलो. पायरीशी मी हात पुढे केला. त्याने घेतला नाही, आणि झटकलाही नाही. कुबड्या नीट लावून स्वतःच चढला.

७ मे

सकाळी उठले तेव्हा आठव्या अंकाचं पत्रांचं पान माझ्या टेबलावर होतं, एमेटने स्वतः चिकटवलेलं. सगळ्यात वर तेच पहिलं पत्र पुन्हा, एक शब्द न बदलता. त्याखाली टोलेडोच्या मुलीचं, टेलिफोनच्या वहीखालून काढलेलं. पहिल्या पत्राखाली डेलचं नाव नाही, माझं आहे. लोर्ना व्हॅसेक, २७, हेझल रोड, असं त्याच्या सुबक अक्षरात. दहा वाजता मी पान छापखान्याला पाठवलं.