दुसरा कल्याण

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ६.४०. दात घासत होतो.

आरशात दुसरा माणूस दिसला पाहिजे. आज दिसला नाही. पहिलाच दिवस आहे.

लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करणारे राजानंद सर आता सायको-थ्रिलर फिल्म काढणार आहेत. नायक एक, आत माणसे दोन. एक देवभोळा, दुसरा खुनी, आणि पहिल्याला दुसऱ्याची खबर नाही. सर आमच्या कापड दुकानात टॉवेल घ्यायला आले तेव्हा मी रोलचे विचारले. सर म्हणाले, बघू. बघू म्हणजे जवळजवळ हो. तसे तृप्तीला फोनवर कळवून टाकले. (आमचा साखरपुडा झाला आहे. लग्न फेब्रुवारीत.) ती म्हणाली, मंग आम्ही सगळे जाफराबादहून शूटिंग पाहायला येतो. सगळे म्हणजे ती, तिचे वडील, आई आणि आत्या.

आता रोल मिळालाच पाहिजे.

दुहेरी व्यक्तिमत्त्व. यात शेवटी त दोनदा येतो. तपासले.

संकल्प: पापणी न लवता बघणे. कमी बोलणे. चहा बंद. खुनी चहा पीत नसावा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

चहा घेतला. तो साध्या कल्याणने घेतला, त्यामुळे धरत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपार, जेवणाची सुट्टी.

काळे हातमोजे घेतले. गाडीवर घालायचेच मिळाले, वर स्पोर्ट्स लिहिलेले. उलटे करून घालणार.

तृप्तीशी दुसऱ्या कल्याणच्या आवाजात बोललो. खर्ज, सावकाश, मध्ये मध्ये गप्प. ती म्हणाली, सर्दी झाली का तुम्हाला, हळद टाकून दूध घ्या. मागोमाग आईचा फोन, सुंठ घे म्हणून. दोघींचे आपसात बोलणे झालेले दिसते. कलाकाराच्या घरात असे चालायचेच.

दुकानातला माझा जोडीदार भागवत, याला कलेची बिलकुल कदर नाही. गिऱ्हाईक आले की गूळ. मावशी, तुमच्याच रंगाची साडी बाजूला काढून ठेवली, आधी पाणी घ्या. मावशी काही न घेता पायरी उतरली की हाच माणूस साडीची घडी अशी आवळतो की बघवत नाही, आणि मावशीच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. लगेच पुढच्या बाईला, या ताई. मी त्याला म्हणालो, माणसाने आतबाहेर एक असावे. तो म्हणे, मंग तू कापड इकू नको, कीर्तन कर.

असल्या माणसाला अभिनय काय कळणार.

सोमवार, १० नोव्हेंबर.

मालक काकासाहेब यांच्याकडे दुसऱ्या कल्याणच्या नजरेने बराच वेळ बघितले. काकासाहेब अस्वस्थ झाले. म्हणाले, डोळे आले असतील तर गल्ल्यापाशी बसू नको, गिऱ्हाइकाला लागतील.

म्हणजे नजर काम करते आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

राजानंद सरांचा फोन. रविवारी भोकरदनकडच्या एका पार्टीचा बस्ता आमच्याकडे आहे. हल्ली लग्नाच्या कपडे-खरेदीचाही व्हिडिओ काढतात, तर सर कॅमेरा घेऊन येणारच आहेत. म्हणाले, तुला काम करताना बघतो.

प्लॅन पक्का. शालू उलगडेपर्यंत देवभोळा, पदर खांद्यावर आला की खुनी. भागवतला सांगितले, बस्ता तू सांभाळ, माझी ऑडिशन आहे. तो म्हणे, सांभाळतो, फक्त माल फाडू नको.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ३. गोदामातून.

गोदामात का, ते लिहितो.

पार्टी मोठी होती. दोन्हीकडची माणसे गादीवर मांडी घालून बसली होती, समोर शालूंचा ढीग. सरांचा कॅमेरा चालू. मी डाळिंबी शालू उलगडला, नेहमीप्रमाणे स्वतःच्या खांद्यावर घेऊन पदर दाखवला आणि दुसरा कल्याण सुरू केला. समोर नवरी होती, म्हणून नजर तिच्यावर. पापणी लववली नाही. थोड्या वेळाने डोळ्यांतून पाणी वाहू लागले. खऱ्या अभिनयात ते येतेच, म्हणून पुसले नाही.

नवरीची आत्या तुळजाबाई बोलता बोलता थांबली. मग सगळ्याच बायका थांबल्या. तुळजाबाई शेजारणीला म्हणाली, ह्यो पोरगा आपल्या पोरीकडं बघून रडून राह्यला न माय.

नवरीचा मामा उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, गाव कोणते, कॉलेज कोणते, आमच्या पोरीची ओळख कुठली. मी पात्रातून बाहेर आलो नाही. खर्जात म्हणालो, माझी ओळख सगळ्यांनाच होते, एकदा.

हा संवाद मी आठ दिवस घासला होता.

नवरी रडायला लागली. नवरदेवाचे काका चप्पल शोधू लागले. काकासाहेबांनी माझ्या अंगावरचा शालू काढून मला इकडे पाठवले.

पुढचे दाराच्या फटीतून बघितले. भागवतने हात जोडले. म्हणाला, पाहुणे, पोराची सोयरीक झालेली आहे, डोळे आलेत त्याचे, खोटं वाटत असंल तर त्याच्या होणाऱ्या बायकोलाच इचारा. गल्ल्यावर राहिलेल्या माझ्याच मोबाइलवरून तृप्तीला स्पीकरवर फोन लावला. तिने सगळ्यांसमोर सांगितले, हो, ते आमचेच आहेत, आठ दिवसांपासून सर्दी आहे त्यांना. मामा हसला. चपला जागेवर गेल्या. चहा फिरला.

मग भागवत जास्तीचे शालू न्यायला गोदामात आला. आवाज न चढवता, एका शालूची टोकाला टोक जुळवून घडी घालत माझ्याशी जे बोलला, ते ऐकत मी गठ्ठ्यांच्या मागे सरकलो. एकदा वाटले, हा खरेच गळा दाबतो. घडी झाली, शालू उचलला, आणि दारातूनच आवाज दिला, आलो मावशी, असा नग दाखवतो की नवरदेव ओळखणार न्हाई तुम्हाला.

दारात राजानंद सर कॅमेरा लावून उभे होते. माझा क्लोजअप घेत असणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

सर आले. म्हणाले, खुनी सापडला. मी उभा राहिलो. सर माझ्या बाजूने वळून भागवतकडे गेले. भागवत म्हणे, सर, सीझन आहे, मला टाइम न्हाई. सरांनी त्याच्या हातापाया पडून हो म्हणवले. काकासाहेबांनी त्याला सुट्टी दिली, भरपगारी.

मलाही रोल आहे. पहिला खून माझा होतो. सर म्हणाले, कल्याण, तुझ्यात माणूस एकच आहे, आणि त्याच्याकडे बघून लगेच दया येते.

विचार केला तर मयत हाच कथेचा पाया. तो नाही तर खुनी तरी कशाचा खुनी? तृप्तीला कळवले: रोल पक्का.

रविवार, २३ नोव्हेंबर.

गोदामातच शूटिंग. जाफराबादहून चौघे आले. मयताचे डोळे उघडे हवे होते, म्हणजे माझी मेहनत कामी येणार होती. सरांनी ॲक्शन म्हटले. भागवतने माझेच हातमोजे घालून माझा गळा धरला आणि मावशीला बोलतो त्याच आवाजात म्हणाला, पाणी घेता का साहेब. मी दचकलो, पापणी लवली. पुन्हा घेतले, पुन्हा लवली. तृप्तीची आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी सरांनी माझ्या तोंडावर चादर टाकली.

सासरे भागवतला म्हणाले, काय माणूस आहे, अंगावर काटा आला. मग सासूबाईंनी विचारले, जावई दिसले न्हाई कुठं.

तृप्तीने दाखवले, ते काय, चादरीखाली. पायांवरून ओळखले म्हणे. जीपमध्ये बसताना मला हळूच म्हणाली, दोन दोन कल्याण कशाला पाहिजेत, मी एकालाच हो म्हणलेलं आहे. आणि सर्दी गेली का.

गेली.

खर्च: हातमोजे १८०. पाहुण्यांची जीप आणि नाश्ता ७४०. चादर ३५०. ही काकासाहेबांनी पगारातून कापली. मयतावर टाकलेली चादर गिऱ्हाइकाला विकता येत नाही म्हणे. आता तीच पांघरतो.

देणे: काही नाही. येणे: हातमोजे, भागवतकडून. तो म्हणे पार्ट टूला लागतील. सरांना विचारले, पार्ट टूमध्ये मी आहे का. सर म्हणाले, तू मेलास ना.