फॉर्मवरचं जवळचं माणूस

प्रिय दुफी,

तू मास्तरीण झालीस! चर्चमध्ये पाद्र्यांनी तुझं नाव घेतलं, तेव्हा मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या बाकावरची मानू म्हणाली, "अगं म्हातारे, लग्न लागतंय का कुणाचं?" त्या दिवशी शेजारणीच्या बकरीने माझ्या परसातलं कसाव्याचं पीक खाल्लं, तरी मी शिवी दिली नाही. म्हणजे बकरीला नाही, शेजारणीला दिली.

तुझे आजोबा हवे होते. त्यांचं एक तुला कधी सांगितलं नाही. दवाखान्यात ते अकरा दिवस होते. मी रोज कुमासीच्या पहिल्या गाडीने सूप घेऊन जायची. बाराव्या दिवशी मी पोचले, तर खाटेवर दुसराच माणूस. नर्स म्हणाली, "मावशी, ते काल दुपारीच गेले की. भाच्याला कळवलं आम्ही." फॉर्मवर 'नेक्स्ट ऑफ किन' म्हणून त्यांनी भाच्याचं नाव दिलेलं. आपल्या रीतीने बरोबरच; कूळ आईकडून चालतं, म्हणून बहिणीचा मुलगा कुळातला, बायको बाहेरची. भाच्याने आधी कुळातल्या थोरांना सांगितलं, थोरांची बैठक बसली, ती उठली की मला सांगायला माणसं येणार होती. चाळीस वर्षं संसार करून मी रांगेत शेवटची. राग नाही गं तुझ्या आजोबांचा. पण ते सूप मी त्या अनोळखी माणसाला पाजलं. दुसरं काय करावं ते सुचेना.

आता माझं. पोटात गाठ आहे, लिंबाएवढी. येत्या गुरुवारी कापणार. फॉर्म भरताना नर्सने तेच इंग्रजी विचारलं. म्हटलं, "थांब पोरी, याचा अर्थ नीट सांग आधी." ती म्हणाली, "सगळ्यात आधी ज्याला कळायला हवं, असं तुमचं जवळचं माणूस." मी लगेच तुझं नाव सांगितलं. माझा भाऊ अंतो उसळलाच, "मुलाची मुलगी? ती तिच्या आईच्या कुळातली! आपली कोण लागते ती?" मी म्हटलं, "तिचा बाप गेला, तेव्हा वर्षभर माझ्या कुशीत कोण निजलं? तू?" नर्सबाई फिसकन हसली. अंतो अजून बोलत नाही माझ्याशी. मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

म्हणून हे पत्र. गुरुवारी वर्गात असलीस, नंबर ओळखीचा नसला, तरी फोन उचल. सगळं ठीक असलं तर मीच बोलेन. दुसऱ्या कुणाचा आवाज आला, तर आधी खाली बस, मग ऐक.

तुझीच, कुळाबाहेरची,
सेरवा आजी