न उघडलेलं पान

प्रिय दर्शनावहिनी,

मुलं हल्ली तुझं नाव काढत नाहीत, असं मी फोनवर म्हणाले, ते चुकलं. ती आजीसमोर काढत नाहीत.

काल शाळेसाठी शरद ऋतूची कागदी पानं करायला बसलो. नमुन्यात लाल, केशरी विलायती पानं होती. कालिंदी म्हणाली, "आत्या, असली पानं करी रोडला कधी पडली?" मग सोनेरी घोटीव कागदाची आपट्याची पानं केली. कागद दुमडायचा, अर्धंच पान कापायचं आणि घडी उघडायची.

मनूने पहिली घडी उघडली आणि पान उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दुसरं अर्धं कोणी कापलं?" घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. मला 'सममिती' हा शब्द आठवला, पण ते काही उत्तर नव्हतं. पुढचं प्रत्येक पान तो श्वास रोखून उघडत होता, आणि त्याच्याबरोबर मीही.

शेवटचं पान त्याने कापून तसंच दुमडलेलं ठेवलं. मी हात लावला तर म्हणाला, "ते मम्मी उघडणार. मज्जा उघडण्यातच असते ना." कालिंदीने उठून आजीच्या खोलीकडचं दार लोटून घेतलं.

आईशी भांडून तू माहेरी गेलीस. ते भांडण मला मिटवता येणार नाही. हे पत्रही टाकणार नाही, कारण वाचून तू 'नको येऊस' म्हणशील. आईला मात्र सांगूनच निघेन. गुरुवारी, दोन ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सकाळी दोघांना घेऊन माटुंग्याला येते.

तुझी नणंद,
हेमांगी