रोपवाटिकेचा हिरवा रंग

धाराशिव,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बजरंगमामा यांस,
उत्कर्षचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि मामी खुशाल असाल. इकडे आई-अण्णा बरे आहेत. निकिताला सातवा महिना लागलाय, ती माहेरी आली आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरातला कुठलाही नंबर दिसला की तुम्ही कापता. पत्र कापता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि लिहिलेला कागद फाडणाऱ्यातले तुम्ही नाही, हे मला माहीत आहे.

नळदुर्गला हायवेवर ट्रकांची रांग असेल, टायरच्या दुकानात तुम्हाला उसंत नसेल. माझंही बरं चाललंय. परीक्षांचा नाद सोडला. आता इथल्या दुकानदारांना वेबसाइट करून देतो. म्हणजे नेमकं काय करतोस, असं तुम्ही विचारणारच. तर वेबसाइटचा तयार साचा मिळतो, त्याला थीम म्हणतात. ट्रक कंपनीतून कोरा येतो आणि मालक आपल्या हौशीनं रंगवून घेतो, तसंच हे. रंगकाम माझं. त्याची एक फाइल असते, तिला सीएसएस म्हणतात. तिच्या माथ्यावर पाच-सहा रंग लिहिलेले असतात. त्यातला एक बदलला की सगळ्या पानांवरची बटणं, मथळे, पट्ट्या आपोआप बदलतात.

मध्यंतरी रसूलचाचांच्या रोपवाटिकेचं काम मिळालं. त्यांची मुलगी रुबिना कॉलेजात माझ्या वर्गात होती, धंदा आता तीच बघते. रोपवाटिका म्हणजे हिरवा रंग, त्यात डोकं ते काय चालवायचं! पडद्यावरच्या रंगपट्टीतून मनासारखा गडद हिरवा निवडला, फाइलीत घातला आणि ऐटीत दाखवायला गेलो. दोघांनी पान वर-खाली करून पाहिलं. मग चाचा हळूच म्हणाले, "बेटा, आमी रोपं इकतो, सरपन न्हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हुज्जत घातली. शेवटी रुबिनानं हसत हसत कडुलिंबाचं रोप उचलून पडद्याला लावलं आणि विचारलं, दोन्ही एकच आहेत का? मी म्हटलं, एकच आहेत की. तेव्हा ती हसायची थांबली आणि म्हणाली, एकदा डोळे दाखवून घे.

डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्यांत आकडे दडलेले असतात म्हणे. मला एकही सापडला नाही. नजर उत्तम आहे, पण हिरवा, लाल, तपकिरी यांच्यात माझी जन्मापासून गल्लत होते. औषध नाही आणि भ्यायचंही कारण नाही, असं ते म्हणाले. मी उठलो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "हे बहुतेक वेळा आईकडून येतं. तुमच्या मामांना आहे का?"

मामा, मी परत खुर्चीत बसलो.

आठवतं, माझ्या लहानपणी आई आपल्या दोघांना पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवायची आणि आपण निम्म्या हिरव्याच आणायचो? मामा-भाचे एकाच माळेचे मणी, असं म्हणून ती कपाळावर हात मारायची. आपल्याला वाटायचं, आपण वेंधळे.

ज्या गोष्टीभोवती मी मघापासून घिरट्या घालतोय, ती आता लिहितो. शिवकन्याताईचं ओटभरण. आपल्या घरात पहिल्या ओटभरणाची हिरवी साडी मामाची. तुम्ही सोलापूरला जाऊन स्वतः निवडून आणलीत. ताईच्या सासरच्या बायकांसमोर घडी उघडली. साडी तपकिरी निघाली. मामाला भाचीचं बरं बघवत नाही, असं कुणीतरी पुटपुटलं. आईला ते लागलं आणि भर मांडवात ती तुमच्यावर ओरडली, "डोळे फुटले व्हते का तुजे?" तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, ते आजवर आमच्या उंबऱ्याला आला नाहीत. त्या दिवशी मला भांडणाचं कारणच कळलं नव्हतं. मला ती साडी हिरवीच दिसत होती.

तुम्ही हयगय केली नव्हती, मामा. वाईट तर चिंतलंच नव्हतं. तुम्हाला दुकानात हिरवी दिसली म्हणून तुम्ही आणलीत. हे इतकी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं, कदाचित तुम्हालाही नसेल, याचं मला फार वाईट वाटलं. दवाखान्याबाहेर मी रडलो. मनाची खात्री करायची असेल तर आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. मला मात्र ती आत्ताच आहे.

पोराचं रंगाचं काम बुडालं, असं समजू नका. वेबसाइटला रंग डोळ्यांनी नाही, आकड्या-अक्षरांनी सांगायचा असतो. रुबिना रंग सांगते, मी त्याचे आकडे लिहितो आणि शेजारी मराठीत खूण करून ठेवतो, हा पोपटी, हा शेवाळी, हा चिंचेच्या पाल्याचा. शिवाय आपल्यासारख्यांना दिसणार नाही असं बटण मी आता ठेवत नाही, अक्षरं ठळक करतो. त्यामुळे आणखी दोन दुकानदारांनी बोलावलंय. रोपवाटिका आता हिरवीगार झाली, असं सगळे म्हणतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

आणि हो, ताईनं त्या साडीची गोधडी शिवली. तिची लेक ती पांघरल्याशिवाय झोपत नाही. मला ती गोधडी आजही हिरवीच दिसते.

२३ तारखेला, रविवारी, निकिताचं ओटभरण आहे. यंदा साडी आपणच आणू, असं अण्णा म्हणाले. डॉक्टरांचं सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची करपली तरी तिनं उलटली नाही. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "दादाला लिव्ह, साडी तूच आन. कंच्याबी रंगाची आन, मी हिरवीच म्हनून नेसवीन."

मामींना नमस्कार. ताट वाढून ठेवतो.

तुमचाच, आणि तुमच्याच डोळ्यांचा,
उत्कर्ष