शेडमधली ऊब

परभणी,
१९ जानेवारी २०२५, रविवार

चि. शिवप्रकाश,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पाय अजून प्लास्टरमध्ये, नाहीतर मीच आले असते. संक्रांतीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पिकअपवाल्या बालाजीच्या हाती चिठ्ठी देतेय. तू वाचून होईपर्यंत त्याला तिथून हलू नको म्हटलंय.

तिळगूळ हातात घेऊन आपण मशीनवरून भांडलो, शोभलं का आपल्याला? गॅसिफायरची तुझी निवड चूक नव्हती, हे आधी लिहून टाकते. बॉयलर-टर्बाइन घेतलं असतंस तर हळद शिजवायला वाफ भरपूर मिळाली असती, लाकूड जरा ओलं असलं तरी भागलं असतं. पण एवढ्याशा कारखान्यात वीज फारच थोडी निघाली असती. गॅसिफायरमध्ये तेवढ्याच लाकडावर वीज जास्त मिळते आणि इंजिनाच्या उष्णतेवर हळदही वाळते. मी पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवते.

पण बॉयलरमध्ये लाकूड जळून जातं. गॅसिफायरमध्ये ते अर्धवट जळतं आणि त्याचा गॅस होतो, त्यावर इंजिन चालतं. तो विषारी असतो. डोळ्यांना दिसत नाही, वासावरून नेमका कळत नाही. हळदीवर धूळ बसते म्हणून तू शेडच्या सगळ्या खिडक्या बंद केल्यास, माझं भांडण तेवढ्यासाठीच होतं.

तू म्हणशील, अक्काचं पुन्हा सुरू झालं. खरं तर जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नाहीये.

दुपारी आप्पांचा फोन आला, शेजारच्या बायनाबाईंच्या मोबाइलवरून. "त्रिवेणी, पूजेत हातातून इष्टलिंग पडलं गं. लय वर्षं झाली, असं कधी झालं न्हाई. मठात इचार, प्रायश्चित्त काय करायचं. शिवाला सांगू नको, तुला माझी आण हाय."

मी विचारलं, पूजेला बसता कुठं? म्हणाले, "पहाटं मशीनच्या शेडमधी. तिथं ऊब असतीया. शटर ओढून घेतो. दोन-तीन दिवस झाले, डोकं जड व्हायलंय, वकारी यायलीय. पित्त असंल."

शिवा, पित्त नाही रे ते! निखारे रात्रभर धुमसतात, कुठल्याशा फटीतून गॅस झिरपतो, आणि आप्पा शटर ओढून त्यातच डोळे मिटून बसतात. तिथं बसू नका म्हणून मी ओरडले, तर "तुमचं बहीणभावाचं भांडण माझ्या पूजेत आणू नका" म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर बायनाबाईंचा मोबाइल बंद. उद्या सोमवार. उद्या ते जास्त वेळ बसतील.

मला फार भीती वाटतेय. भांडण नंतर कर, हवं ते बोल. आत्ता उठ. शटर बाहेरून वर कर, हवा खेळू दे, तोवर कोणी आत जायचं नाही, मशीन चालवणाऱ्या बन्सीधरनेही नाही. मशीन पेटवू नका. आप्पांना आजच दवाखान्यात ने. पूजेचा पाट घरात मांड, जवळ शेगडी ठेवू नको, पाठीवर घोंगडी घाल.

आणि त्यांना सांग, लिंग पडलं ते गॅसमुळे, त्यात त्यांचा दोष नाही. मठात मी काही विचारलेलं नाही. विचारायचंच झालं तर आता माझ्यासाठी विचारावं लागेल.

आप्पांची आण मोडलेली,
तुझी अक्का
त्रिवेणी