कमळच्या ताटातलं पांढरं

९ एप्रिल १९३६, बोर्ली

शी! घरात पाऊल ठेवलं नाही तोच जेवणावरून भांडण.

कमळ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. माझी धाकटी बहीण, आणि मी तिला ओळखलंच नाही. पाय सुजून खांब झालेत. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. म्हणते, तळव्यांना काही कळतच नाही दादा, दुसऱ्या कुणाचे पाय लावल्यासारखं वाटतं. आईचं म्हणणं, पहिलटकरणीला सूज यायचीच.

आणि ताटात काय? आमच्या गिरणीचा पांढराफेक भात, वर ताक. संपलं! मासळीचा वास तिला सोसत नाही म्हणून दोन्ही वेळा हेच. भाताची पेज काढून गोठ्यात ओततात. तांदळाचा कोंडाही तिकडेच. म्हैस आमच्या कमळपेक्षा चांगलं जेवते.

११ एप्रिल

बाबांना कबुतरांची गोष्ट सांगितली. कॉलेजात प्रोफेसरांनी दोन पिंजरे ठेवले होते. एकातल्या कबुतरांना गिरणीत घासून पांढरा केलेला तांदूळ, दुसऱ्यातल्यांना कोंड्यासकट. पहिल्यांच्या माना उलट्या वळल्या, पाय लुळे पडले. त्यालाच माणसांत बेरीबेरी म्हणतात. कोंड्यात व्हिटॅमिन असतं, ते आपण घासून काढतो.

बाबा मूठभर तांदूळ हातावर घेऊन बसले होते. बघ कसा आरसा आहे, म्हणाले. वर्षभर ठेवला तरी टोके लागत नाहीत!

हाच तर अभिमान. ज्याला किडासुद्धा तोंड लावत नाही ते आम्ही गरोदर मुलीला घालतो.

"दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत लोक माझा तांदूळ मागतात, आणि माझाच दिवटा मला कबुतरं सांगतो," म्हणाले, आणि इंजिनाकडे निघून गेले.

१३ एप्रिल

आईकडे नाचणीच्या भाकरीची गोष्ट काढली. तिने आधी दार लोटून घेतलं! व्याह्यांकडचं माणूस कधीही येईल. गिरणीवाल्यांनी लेकीला नाचणी घातली, असं आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. नाचणी गड्यांनी खायची.

शेवटी कबूल झाली, पण माझ्या नावावर. म्हणजे हरेश्वरला मुंबईहून खूळ लागलंय, तो भाकरी खातो. मी ती झाकून कमळला नेऊन द्यायची. नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, चोरून! जशी काही दारूच.

१७ एप्रिल

सकाळी गोठ्यात गेलो. गव्हाणीत माझ्या भाकऱ्या. चटणीसकट.

कमळला विचारलं. आधी रडली, मग बोलली. नाचणी काळी असते ना, मग पोर काळं होईल. पांढरं खाल्लं की गोरं होतं. म्हणून तर ती इतका भात गिळतेय. आणि मला वाटत होतं आई तिच्यावर जबरदस्ती करते.

"सासूबाईंनी निघताना बजावलंय दादा. एक कोळसा घरात आणलाय, दुसरा नको."

कमळ सावळी आहे. मीही आहे. हे ऐकल्यापासून तोंड कडू झालंय. त्या बाईची किळस, त्या भाताची किळस. कमळची पण आली, खोटं कशाला लिहू?

१८ एप्रिल

पुन्हा समजावलं. व्हिटॅमिन, बेरीबेरी, सगळं. ती मान डोलावते आणि भात कालवते. आज उठताना भिंत धरावी लागली तिला. छाती धडधडते म्हणते.

१९ एप्रिल

केलं. खोटं बोललो.

म्हटलं, कमळ, आमच्या प्रोफेसरांनी शोध लावलाय. पांढऱ्यानेच गोरं होतं, हे खरं. पण भाताचा पांढरा रंग पाण्यात जातो, पोटात उतरत नाही. उतरतो तो सोललेल्या वालाचा, काजूचा, साल काढलेल्या शेंगदाण्याचा, पांढऱ्या तिळाचा. भात जितका कमी तितकं बरं.

डोळे मोठे करून ऐकत होती. "आणि खोबरं?" खोबरंही.

मी, सायन्सचा विद्यार्थी! थुंकावंसं वाटलं स्वतःवर. पण संध्याकाळी तिने वालाचं बिरडं मागून घेतलं.

२३ एप्रिल

वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. हात बुळबुळीत, वास भयंकर. आईने साफ सांगितलं, वाल वातूळ, शेंगदाण्याने पित्त होतं, मी हात लावणार नाही. म्हणून मीच बसतो ओटीवर. बाबा येता-जाता माणसांना दाखवतात, हे आमचे चिरंजीव, मुंबईला शिकायला पाठवलं, सोलायला शिकून आले!

ओले काजूही फोडले. चिकाने बोटांची सालडी निघालीत. पेन धरवत नाही.

२ मे

कमळ अंगणात फिरली! पायाखालचे खडे टोचले म्हणून ओरडली आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो. दाबल्यावर पडायचा तो खळगा आता उथळ झालाय. धडधड नाही.

कोंड्याचं नाव न घेता कोंड्याचं काम झालं. कुणाला सांगू? प्रोफेसरांना सांगितलं तर ते विचारतील, पेशंटला काय समजावलंस?

९ मे

घाण झाली सगळी. आईला पटलं! नुसतं पटलं नाही, गावभर झालं. हरेश्वरच्या कॉलेजात पोरं गोरी करायचा शोध लागलाय. बायका परसात येऊन विचारतात. शेजारची रतन कुंपणावरून म्हणते, "भावोजी, आधी झालेल्या पोराला चालेल का हो? आमचा बंड्या फारच करपलाय."

आणि कमळने सासरी निरोप धाडलाय. आगरदांड्याला जाणाऱ्या माणसाबरोबर. काळजी करू नका, मूल गोरंच होणार, दादाने व्यवस्था केलीय.

तिला म्हटलं, निरोप कशाला पाठवलास? तर हसली. लग्नापासून पहिल्यांदा मान वर करून काही सांगता आलं, म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या पुढ्यात तिळाचा लाडू होता आणि ती तो खात होती.

२८ मे

मुलगी! दोघी सुखरूप. पोरीचं रडणं गिरणीपर्यंत ऐकू गेलं.

बायजा सुईण हात पुसत बाहेर आली. "पोर दांडगी हाय. आईवर न्हाय, बापावर न्हाय, मामावर गेलीया बघा!" आणि माझ्याकडे बघून खो-खो हसली.

माझ्याच रंगाची आहे. किंबहुना एक छटा जास्तच. आणि काय सुंदर! मुठी कशा घट्ट!

२९ मे

कमळ पोरीकडे बघते, मग माझ्याकडे.

२ जून

तिची सासू आली. पोरीचं दुपटं उघडून उजेडाकडे धरलं. परत गुंडाळून आईच्या हातात दिलं. "हीच का ती व्यवस्था?" एवढंच बोलली. पाणीही न घेता गाडीत बसली. कमळ भिंतीकडे तोंड करून पडली होती.

किळस कुणाची करू आता? त्या बाईला मी काय तोंडाने बोलू?

प्रोफेसरांचं एक वाक्य सारखं आठवतंय. आईला बेरीबेरी असली तर तिच्या दुधातही ते व्हिटॅमिन नसतं. मूल वरून गुटगुटीत दिसतं आणि काही महिन्यांत एकदम जातं. म्हणजे कमळने आता तरी नीट खाल्लंच पाहिजे. आत्ताच जास्त.

४ जून

आज तिने वाल, लाडू, सगळं परत पाठवलं. आईकडून पांढरा भात मागून घेतला. मी समोर बसून सगळं सांगितलं. गोऱ्याचं खोटं होतं, नुसत्या भाताने पाय सुजतात ते खरं आहे, दुधाचं तर अगदी खरं आहे.

ती कालवत राहिली. "आता हे कशासाठी सांगतोयस दादा?" म्हणाली.

ताट संपवलं. हात धुतला. पोरीला पदराखाली घेतलं.