तेलाचा हात

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे चौकीवर बर्फ गुडघ्याच्या वर आलंय, पण मी ठणठणीत आहे. बंदुकीच्या नव्या तेलाचे डबे आले. हे माझ्या बहिणीच्या प्रयोगशाळेने निवडलंय, असं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं. घरचंच तेल, मग हात कशाला आखडता घ्यायचा? बंदुकीला अक्षरशः न्हाऊ घातलंय. माझा पहाऱ्यावरचा जोडीदार, ज्याला घोरण्यामुळे आम्ही भोंगा म्हणतो, तो म्हणाला की निदान तेवढ्यापुरतं तरी या चौकीत कोणीतरी आंघोळ केली.

आईला नमस्कार. तुझी माझ्यावर माया आहेच, ती असू दे.

तुझा,
ढब्बू

ता. १३ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी तडक प्रयोगशाळा गाठली. अरे शहाण्या, तेल ओतायचं नसतं रे! आम्ही सगळी तेलं पोलादी पट्ट्यांना लावून खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवली, मग तेल दिलेल्या बंदुका शीतपेटीत गोठवून चालवून पाहिल्या. गंजात आणि थंडीत, दोन्हीकडे हेच तेल सरस ठरलं. पण आम्ही तेल लावून फडक्याने पुसतो, नुसती चकाकी उरेपर्यंत. आमच्या हाताला त्याची इतकी सवय, की डब्यावर तसं छापायला हवं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

काल एका बंदुकीला तुझ्यासारखं न्हाऊ घातलं आणि शीतपेटीत ठेवलं. सकाळी तेल मेणासारखं घट्ट. चाप ओढला तर आतली पिन जेमतेम सरकली, गोळी उडालीच नाही. आमचे साहेब म्हणतात, पुढच्या डब्यांवर सूचना छापू. आणि तोवर तू काय करायचंस? तुमच्याकडे फोन लागत नाही, मला घास गोड लागत नाही. आईसमोर हसून वेळ मारून नेते.

हातातलं काम टाक आणि बंदूक कोरड्या फडक्याने पूस. सगळ्यांना सांग. लगेच उत्तर धाड. माझ्यावरचा लोभ तेवढा पुसू नकोस.

तुझी,
ताई

ता. २५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल रसदीबरोबर आलं. त्याआधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं. घाबरू नकोस, मी सुखरूप आहे.

गेल्या आठवड्यात दुपारीच दाट धुकं उतरलं. मी पहाऱ्यावर होतो, भोंगा आत घोरत पडलाय असं धरून चाललो होतो. कुंपणाच्या बाहेरून कोणीतरी माझ्याकडे येत होतं. ओरडून विचारलं, कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी तो येतच राहिला. ताई, मी नेम धरला आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. तेवढ्यात तो गुडघ्यांवर कोसळला आणि तोंडावरचा मफलर सुटला. भोंगा होता गं! कुंपणाबाहेर गेला असताना घळीत घसरून पडला होता, थंडीने जबडा आखडल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

मी चाप ओढला होता हे त्याला माहीत नाही. मी ओळखलं म्हणून थांबलो असं त्याला वाटतं, आणि तेच तो सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलाय. मला तोंड लपवायला जागा नाही.

काल तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळ्यांच्या बंदुका पुसून झाल्या. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. माझ्यावर पूर्वीसारखीच माया कर, एवढंच मागतो.

माझी बंदूक मला हातात धरवेना, म्हणून ती भोंग्याने पुसून दिली.

तुझा,
ढब्बू